उंबरठ्याची पातळी

पहिलं पाणी न्हाणीच्या मोरीतून वर आलं.

२०२५ च्या सप्टेंबरातली रात्र. पावणेदोन झाले असतील. पाऊस दहालाच सुरू झाला होता. सोलापुरात पाऊस लागला की झोप गाढ लागते, कारण मनात आधी हौद, बोअर आणि ज्वारी येते. मला जाग आली ती आवाजानं. रिकामी घागर बुडताना बुडबुड करते, तसा आवाज न्हाणीतून येत होता. दिवा लावला तर मोरीच्या जाळीतून काळपट पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. मी जाळीवर पायपुसणं कोंबलं, त्यावर पाट ठेवून उभी राहिले. पाटाच्या चारी कडांनी पाणी येतच राहिलं. तोवर पुढच्या दाराच्या फटीतून दुसरं पाणी आत शिरलं होतं. दोन्ही पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी भेटली, आणि मग काय काय उचलायचं एवढाच प्रश्न उरला.

सासूबाईंना आधी माडीवर नेलं. मुलानं टीव्ही नेला, मी देव, ह्यांनी गॅसचं सिलिंडर. फ्रिज तिघांना हलला नाही. मेन स्विच बंद केला आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवर टॉर्च घेऊन आम्ही पहाटेपर्यंत बसून राहिलो. सकाळी अकराच्या सुमारास पाणी उतरलं तेव्हा भिंतीवर गुडघ्याच्या वर चार बोटं एक काळी रेघ राहिली होती. नंतर रंग दिला तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली हातभर रेघ मी तशीच ठेवायला सांगितली. पुढं सगळा हिशेब मी त्या रेघेवरूनच केला.

चिखल काढायला दोन दिवस लागले, पण खरा जीव खाल्ला कोठीनं. वर्षाची ज्वारी होती, मंगळवेढ्याकडची मालदांडी, दोन क्विंटल. वरून कोरडी दिसत होती म्हणून आम्ही आधी बाकीचं आवरलं. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं आणि आंबूस वाफ तोंडावर आली. हात आत घातला तर दाणे गरम लागले. तळाची ज्वारी मोडावर आली होती. सासूबाई मूठभर मोड हातात घेऊन किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्लेल्या आहेत. धान्य पावसानं नासतं, तेही घरात, कोठीत, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

आणि माझ्याही नव्हतं. आमचं सगळं शहाणपण पाणी नाही आलं तर काय, ह्याच्याभोवती उभं आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून अंगणात जमिनीतला हौद, गच्चीवर दोन टाक्या, पाणी आलं की कामावरून फोन. हौद घरात सगळ्यात खोल, म्हणून गटारीचं पाणी पहिल्यांदा त्यातच उतरलं. सहा हजार लिटर प्यायचं पाणी एका रात्रीत गेलं. त्या हौदात मुलगा तीनदा उतरला, खराट्यानं भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडर टाकून उपसा केला. पावसाच्या पाण्यात उभं राहून आम्ही प्यायच्या पाण्यासाठी टँकर मागवला.

टँकरवरूनच मला पावसाचं खरं माप कळलं. आमचा प्लॉट तीस बाय चाळीसचा, म्हणजे बाराशे चौरस फूट. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण अकरा हजार लिटर पाणी होतं. एक मोठा टँकर. म्हणजे एका जोरदार रात्री प्रत्येक घराच्या डोक्यावर एकेक टँकर रिकामा होतो. पूर्वी त्यातला बराचसा परसात, बोळात, मोकळ्या रानात जिरायचा. आता परसात फरशी, बोळात काँक्रीट, रानात प्लॉटिंग. काळ्या मातीचं तर असं की उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा पहिला पाऊस ती घटाघटा पिते, पण एकदा फुगून भेगा मिटल्या की वरचं पाणी नुसतं वाहून जातं. आणि आमचा जोराचा पाऊस सप्टेंबरात, म्हणजे माती पिऊन झाल्यावरच येतो.

पाणी गेल्यावर आठवडाभरानं मिस्त्रींना बोलावलं. मला वाटलं होतं प्लॅस्टर किती काढावं लागेल ते सांगतील. त्यांनी भिंतीला टिचकी मारली, रेघ बघितली आणि विचारलं, “ताई, हे पाणी आलं कुठनं ते बघितलाव का?” मी म्हटलं, नाल्यातून. “नाल्यातनं खरं हाय. पण किती उंचीवरनं?”

त्यांच्या सायकलला गवंड्यांची लेव्हलची नळी गुंडाळलेली होती. पारदर्शक प्लॅस्टिकची, बोटाएवढी जाड, पन्नासेक फूट. ती त्यांनी बादलीतल्या पाण्यानं भरली, मग अंगठ्यानं एक टोक दाबून दुसरं वर धरलं आणि नळी पूर्ण लांबीला टिचक्या मारत आले. “हवा ऱ्हायली तर पातळी खोटं बोलतीय.” दोन बुडबुडे निघाले. मग मुलानं एक टोक आमच्या उंबरठ्याला लावलं, मिस्त्री दुसरं टोक घेऊन विजेच्या पहिल्या खांबापाशी गेले. नळीतलं पाणी थोडा वेळ खालीवर डुलतं, मग थांबतं. थांबलं की दोन्ही टोकांची पातळी एकच. खांबावर खडूनं खूण. तिथून पुढच्या खांबावर, तिथून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर, आणि शेवटी नाल्यावरच्या छोट्या पुलापर्यंत. गल्लीतली पोरं मागून फिरत होती. पुलाच्या कठड्याशी आमच्या उंबरठ्याची खूण आली आणि मिस्त्रींनी टेप लावला. पुलाची वरची फरशी आमच्या उंबरठ्यापेक्षा चौदा इंच वर होती.

तिथं उभं राहून त्यांनी समजावलं. पुलाखाली दोन नळ्या आहेत. त्या रात्री एकीत गादी, थर्माकोल आणि प्लास्टिकचा बोळा बसला होता. महापालिकेच्या माणसांनी तो दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांसमोर काढला. नळ्या तुंबल्या की पाण्याला पुलावरून जावं लागतं. पुलावरून जायचं तर आधी पुलाएवढं वर यावं लागतं. आणि पुलाएवढं वर येईपर्यंत आमच्या घरात चौदा इंच पाणी झालेलं असतं. मी घरी येऊन कोपऱ्यातल्या रेघेला टेप लावला. जमिनीपासून एकवीस इंच. म्हणजे त्या रात्री पुलावरून सात इंच पाणी वाहत होतं. कठड्याच्या गजांना तेवढ्याच उंचीवर चिंध्या अडकलेल्या मी पाहिल्या होत्या. हिशेब जुळला.

हे घर अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९९१ मध्ये बांधलं तेव्हा रस्त्यावरून घरात यायला चार पायऱ्या होत्या. लग्नाच्या फोटोत त्या दिसतात. वरच्या पायरीवर मी माप ओलांडायला उभी आहे. आता एकच पायरी आहे. पायऱ्या कुणी काढल्या नाहीत, रस्ता वर आला. एकदा मुरूम, दोनदा डांबर, शेवटी काँक्रीट. दर वेळी जुनं न खरवडता नवं वर. दर वेळी आम्ही रस्ता झाला म्हणून खूश झालो. घर आहे तिथंच आहे, बाकीचं जग तीन पायऱ्या चढलं. तुमच्या गल्लीतही जुना फोटो काढून पायऱ्या मोजून बघा. पुराचा धोका समजून घ्यायला ह्याच्याइतकं सोपं साधन मला दुसरं माहीत नाही.

दुसरं साधन म्हणजे गावनकाशा. महाभूनकाशा ह्या सरकारी संकेतस्थळावर आमचा भाग काढला तेव्हा गटांच्या सीमांमधून नाल्याची दुहेरी रेघ स्पष्ट दिसली. नकाशावर नाला आमच्या मागच्या गल्लीतून वळण घेऊन जातो. प्रत्यक्षात तिथं आज पाच घरं आहेत आणि नाला त्यांना वळसा घालून काटकोनात फिरवलेला आहे. काटकोनात पाणी थबकतं, गाळ टाकतं, आणि जोर आला की जुन्या वाटेनं जातं. त्या रात्री सगळ्यात जास्त पाणी त्या पाच घरांत होतं, कंबरेला लागेल एवढं. त्यांतल्या एका काकूंनी सांगितलं, प्लॉट घेताना दुधवाला म्हणाला होता, इथं पूर्वी लव्हाळी होती. लव्हाळी कुठं उगवते ते शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. काकूंचे यजमान शेतकऱ्याचेच मुलगे, पण हप्त्यात बसणारा तोच एक प्लॉट होता.

त्याच महिन्यात सीनेनं जे केलं त्यापुढं आमचं पाणी म्हणजे काहीच नव्हे. लांबोटीला पुलाशी पाणी येऊन पुण्याचा महामार्ग बंद, हत्तूर-वडकबाळकडून विजयपूरचा रस्ता बंद, माढा-मोहोळच्या काठावरची गावं पाण्यात. भीमेच्या पुराची आम्हाला सवय आहे. पुण्याकडं पाऊस झाला, उजनी भरली, इतके क्युसेक सोडले, पंढरपुरात चंद्रभागेला इतकं पाणी, हे दर वर्षी पेपरात येतं. पण सीना ही उन्हाळ्यात पायी ओलांडायची नदी. तिचं पाणी येतं अहिल्यानगर, धाराशिव, बीडकडून. सीना-कोळेगावसारखी धरणं भरून वाहू लागली की मागून येणारं सगळं पुढं पाठवावं लागतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. एक लाख क्युसेक चोवीस तास वाहिलं तर साडेआठ टीएमसीच्या, म्हणजे साडेआठ अब्ज घनफुटांच्या, वर पाणी होतं. हे आकडे मी आता हिशेब करून वाचते. आधी ते नुसते मथळे होते.

तेव्हाच निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय तेही नीट समजून घेतलं. नदीकाठच्या गावांत जलसंपदा विभाग ह्या पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला बंदी, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये निर्बंध. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ह्या शब्दांनी माणूस फसतो. आत्ता येऊन गेला म्हणजे पुढची नव्याण्णव वर्षं सुटका, असं वाटतं. त्याचा खरा अर्थ असा की तसा पूर दर वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे, येऊन गेल्याच्या पुढच्या वर्षीही तेवढीच. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंतचं पाणी एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के होते. निळ्या रेषेची? ५६ टक्के. म्हणजे निळ्या रेषेवर घर घेणाऱ्याचं कर्ज फिटायच्या आत पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त. बँक हप्ता ठरवताना पगार बघते, वय बघते. हा आकडा कर्ज घेताना आम्हाला कुणी सांगितला नाही. आणि आमच्या नाल्याशेजारी तर मी कुठलीच रेघ पाहिलेली नाही, माझ्या स्वयंपाकघरातली सोडून.

आता कागदाकडं येते.

पाणी उतरलं त्या संध्याकाळी ह्यांनी मला धीर दिला, “काळजी करू नको, घराचा विमा आहे.” २०१६ मध्ये माडी चढवायला आम्ही कर्ज काढलं तेव्हा विम्याचे पैसे भरल्याचं दोघांनाही पक्कं आठवत होतं. कर्जाच्याच रकमेत ते धरले होते. फाइल माडीवर होती म्हणून वाचली. मी ती पहिल्यांदा सबंध वाचली, लाइट नव्हते तेव्हा मोबाइलच्या उजेडात.

तिच्यात विम्याचे दोन कागद होते. मोठ्या रकमेचा कागद ह्यांच्या आयुष्याचा निघाला. कर्ज फिटायच्या आत ह्यांचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार. चांगली गोष्ट आहे, पण त्यात घराची एक वीटही नव्हती. दुसरा कागद खरोखर घराचा होता, पुराचा धोकाही त्यात होता. मुदत एक वर्ष. २०१७ ला संपलेली. पुढं ना बँकेनं विचारलं, ना आम्ही. विम्याच्या कायद्यात कलम ६४ व्हीबी आहे. हप्ता आधी पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. आठ वर्षं आम्ही ‘विमा आहे’ ह्या नुसत्या आठवणीवर झोपत होतो. मला त्या बँकेवर राग आहे आणि तो मी लपवत नाही. ज्या माणसानं पंधरा ठिकाणी सह्या घेतल्या, त्याला एक वाक्य बोलता आलं असतं: हा जिवाचा, हा घराचा, आणि घराचा दर वर्षी तुम्हाला भरायचाय.

तो कागद चालू असता तरी तो फक्त बांधकामाचा होता. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण, दिवाणातल्या चादरी, कोठी, ह्यांतलं काही त्यात नव्हतं. आणि पाण्यानं आमच्या भिंतींचं फारसं काही केलं नाही. जे गेलं ते भिंतींच्या आतलं.

तेव्हा मी एक काम केलं जे मी ओळखीच्या प्रत्येकाला करायला सांगते आहे. वही घेतली आणि जमिनीपासून एकवीस इंचांच्या आत घरात काय काय आहे त्याची यादी केली. रेघेखालची यादी. फ्रिजचा कॉम्प्रेसर. वॉशिंग मशीनची मोटर. इन्व्हर्टरची बॅटरी. पाण्याच्या मोटरचा स्टार्टर. खालचे प्लगचे सगळे पॉइंट. लोखंडी कपाटाचा खालचा खण: त्यात खरेदीखत, मुलाच्या मार्कलिस्ट, अण्णांचे मिलमधले कागद आणि सासूबाईंच्या पाटल्यांचा डबा. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये भिशीचे रोख पैसे. अंगणात मुलाची स्कूटर. मग प्रत्येक वस्तूपुढं एकच प्रश्न लिहिला: हिचे पैसे कुठला कागद देईल?

उत्तरं गोळा करायला दोन महिने गेले. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांना विकायला लावली आहे. पूर, तुंबलेलं पाणी, वादळ, भूकंप, आग, वीज पडणं हे त्यात मुळातच आहे, वेगळं मागावं लागत नाही. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं, यादी न देता. आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत घरातून चोरी झाली तर तीही धरली जाते. हे वाचून मला पाच घरांतल्या त्या काकू आठवल्या. त्या बहिणीकडं राहायला गेल्या होत्या तेव्हा त्यांची पितळी भांडी गेली.

रक्कम ठरवताना मात्र सांभाळायला हवं. एजंट म्हणाला, घराची किंमत किती, पन्नास लाख लिहू या. पण विमा जागेचा होत नाही. जागा वाहून जात नाही, बांधकाम जातं. चटईक्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, ही रक्कम. समजा आठशे चौरस फुटांचं घर आणि दर अठराशे रुपये, तर १४ लाख ४० हजार. त्याचे २० टक्के, म्हणजे सामानाला २ लाख ८८ हजार. कंपाउंडची भिंत, हौद, गच्चीवरचं सोलर वेगळं नोंदवायचं. उलटी चूकही महागात पडते: घर नव्वदच्या दरानं स्वस्तात मोजलं तर मिळणारे पैसेही तेवढेच. आमचा हप्ता वर्षाला दीड हजाराच्या आत बसला. दिवाळीच्या फटाक्यांहून कमी.

पण माझ्या यादीतल्या किती तरी ओळींपुढं ‘नाही’च आलं. रोख पैसे नाहीत. कागदपत्रं नाहीत. पाटल्या मूळ संरक्षणात नाहीत. दागिन्यांचं वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. स्कूटर घराच्या विम्यात बसत नाही, आणि तिचा स्वतःचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, म्हणजे आमच्या नुकसानीला शून्य. सर्वंकष विमा असता तरी एक मेख आहे. पाणी शिरलेल्या गाडीला किक मारली की पाणी इंजिनात ओढलं जातं, आणि त्या बिघाडाला इंजिनाचं वेगळं संरक्षण नसेल तर पैसे मिळत नाहीत. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला हात लावू नये, ढकलत गॅरेजला न्यावी. मुलानं सकाळी सकाळी तीन किका मारल्या होत्या.

सरकारी मदतीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. पंचनामा झाला म्हणजे भरपाई मिळणार असं धरून चालतात. आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ साठीचे निकष बघा: मैदानी भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. कपड्यांना कुटुंबामागं २,५०० आणि भांड्यांना २,५००, तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर. राज्य सरकार वेळोवेळी त्यात भर घालतं. ज्याच्याकडं काहीच उरलं नाही त्याला पहिला आठवडा काढायला ही मदत मोलाची आहे. पण आमच्यासारख्या घरात पाणी नऊ तास राहिलं, भिंती उभ्या राहिल्या आणि आतलं सगळं गेलं, त्याचं उत्तर तिच्यात नाही. पंचनामा तरीही करून घ्यावाच. विम्याच्या दाव्यालाही तो उपयोगी पडतो.

पॉलिसी घेताना अर्जात एक प्रश्न होता, ह्या जागेत पूर्वी पुराचं पाणी आलं होतं का. एजंटनं पेन तिथून सरळ पुढं नेलं. “ते रिकामं ठेवू या मॅडम, उगाच चौकश्या लागतील.” मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं: होय, सप्टेंबर २०२५, एकवीस इंच. त्याला ते आवडलं नाही. पण विमा सगळा खऱ्या बोलण्यावर उभा असतो. आज लपवलेलं पाणी उद्या दाव्याच्या वेळी त्याच कोपऱ्यातल्या रेघेत सर्व्हेअरला दिसणार, आणि मग पैसे नाकारायला कारण आमच्याच सहीचं असणार. पॉलिसी मिळाली. दावा अडला तर पुण्याला विमा लोकपाल आहेत आणि सोलापुरातच ग्राहक आयोग आहे, हेही मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

घरातले बदल थोडक्यात सांगते. मोरीच्या आणि संडासच्या बाहेरच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. पाणी बाहेर जातं, उलटं आत येत नाही. प्लगचे पॉइंट कंबरेच्या वर घेतले. फ्रिज ओट्यावर. हौदाच्या तोंडाला दोन फूट उंच कठडा आणि घट्ट झाकण. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी खाच, पाऊस दिसला की तिच्यात फळी सरकवायची. कागदपत्रं माडीवर, सगळ्यांच्या प्रती मुलाच्या मोबाइलमध्ये. ज्वारी आता माडीवरच्या कोठीत. जिना चढून आणायची म्हणून सासूबाई कुरकुरतात, पण रोज संध्याकाळी जाऊन हात घालून बघतात.

ही सगळी धावपळ चाललेली पलीकडच्या अक्का बघत होत्या. त्यांच्या घरात खाली दोन माग आहेत, टॉवेलचे. वर चार माणसं राहतात, खाली दिवसभर खडखड. त्या रात्री मागांच्या मोटरी बुडाल्या, बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, चढवलेलं सूत चिखलानं माखलं. सूत त्यांचं नव्हतं, मालकाचं. मजुरीवर काम. मालकानं पुढचे तीन महिने मजुरीतून त्याचे पैसे कापले.

अक्का एक दिवस वही घेऊन आल्या. माझी यादी बघून त्यांनीही रेघेखालची यादी केली होती, अर्धी तेलुगूत. “वहिनी, तुमच्या पॉलिसीत आमचे माग बसतील काय?” मला ‘नाही’ म्हणावं लागलं. घराचा विमा राहत्या घराचा. ज्या वस्तूवर धंदा चालतो ती त्यात येत नाही, मग ती घरातल्याच खोलीत का असेना. शिवणकाम असो, पापड असो, माग असो. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अशी किती घरं आहेत जिथं खाली कारखाना आणि वर संसार! त्यांना धंद्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे, पुराचा धोका तिच्यातही आहे. पण मालकाचं सूत अक्कांच्या घरात असताना बुडालं तर ते कुणाच्या कागदात, हा प्रश्न अक्कांनीच विचारला आणि मी त्यांना म्हटलं, हे तोंडी विचारू नका, कंपनीला लेखी विचारा आणि मालकालाही लेखी विचारा. मालकाला लेखी विचारायचं म्हटल्यावर अक्का गप्प झाल्या. तीस वर्षांत त्यांनी मालकाला काही लेखी विचारलेलं नाही.

मग रविवारी मिस्त्रींना परत बोलावलं. नळी भरली, बुडबुडे काढले. मुलानं एक टोक आमच्या उंबरठ्याला धरलं, दुसरं अक्कांच्या दारात. पाणी डुललं आणि थांबलं. अक्कांचा उंबरठा आमच्यापेक्षा पाच इंच खाली निघाला. पुलापेक्षा एकोणीस इंच. मिस्त्रींनी मागाच्या खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि अक्का तिच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. रेघ मागाच्या मोटरीच्या बरीच वर होती.

“माग एवढा वर घेता येतंय काय?” त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी मागाकडं बघितलं, छताकडं बघितलं, टेप काढला. “मागाखाली काँक्रीटचा कट्टा करावा लागंल. खोली ठेंगणी हाय, विणणाऱ्याचं डोकं पंख्याला लागंल. मोटर तेवढी वर घ्या आधी. पट्टा लांब लागंल, बघू.”

अक्कांनी वहीत मोटरीपुढं एक फुली मारली आणि पट्ट्याची किंमत विचारली.